दाती तृण

मोहनखेड्याच्या यात्रेला निघायच्या आठवडाभर आधी पाठशाळेतल्या एका मुलीच्या आईचा मला फोन आला. "काकू, रविवारी तुम्ही मुलांना नेमकं काय सांगितलंत हो?" तिच्या आवाजात राग नव्हता, दमणूक होती. मुलगी आठ वर्षांची. शाळेत मैत्रिणीच्या डब्यातली बटाट्याची भाजी तिनं खाल्ली होती. आणि रविवारी कंदमूळ का खाऊ नये हे समजावताना मी नरकाचं वर्णन केलं होतं. उकळत्या तेलाच्या कढया, करवती, लोखंडी चोचींचे पक्षी, सगळं हातवारे करून. तीन रात्री ती पोर झोपली नव्हती. डोळा लागला की दचकून उठायची आणि विचारायची, "आई, मला कढईत टाकणार का?"

मी फोनवर समजूत घातली. पण फोन ठेवल्यावर मनात आधी आला तो रागच. आम्हाला नव्हतं का सांगितलं हे सगळं? आम्हाला काय झालं? मग रात्री आठवलं, की नरकाची चित्रं असलेलं ते पुस्तक मी लहानपणी कपाटात उलटं करून ठेवायची आणि झोपताना आजीच्या लुगड्याचा पदर मुठीत धरायची. म्हणजे झालं होतं काहीतरी. मोठेपणी मी ते विसरले होते.

हा प्रश्न मनात घेऊनच मी मोहनखेड्याला गेले. धार जिल्ह्यातल्या राजगढ गावाजवळचं हे आदिनाथ भगवानांचं तीर्थ. श्रीमद् राजेंद्रसूरीश्वरजी महाराजांनी १९०६ साली राजगढला देह ठेवला आणि त्यांची समाधी मोहनखेड्याला झाली. आपल्याकडून, पुण्या-नगराकडून, नाशिक-जळगावाकडून यात्रेकरूंच्या गाड्या तिथे जातात. संध्याकाळी प्रतिक्रमण आटोपून आम्ही बायका धर्मशाळेच्या ओट्यावर बसलो होतो, तेव्हा मी विषय काढला. लगेच दोन तट पडले. एक बाई म्हणाल्या, "भीती नको, तर मुलं ऐकतील कशाला? गॅसला हात लावू नको हे आपण लाडानं सांगतो का?" दुसरी म्हणाली, "माझ्या सुनेनं याच भीतीपायी मुलाला पाठशाळेतून काढलं. आता काय ऐकवणार त्याला?" दोघींचंही खरं होतं. मला मात्र राहून राहून वाटत होतं, की या वादावर बोलायला ज्याला बोलवावं तो माणूस इथून फार लांबचा नाही. धार तिथून पन्नासेक किलोमीटर. हजार वर्षांपूर्वी त्या गावात एक श्रावक राहत होता. कथा लिहायचा. त्याचं नाव धनपाल.

मराठी माणसाला धार म्हटलं की पवारांचं संस्थान आठवतं. त्या काळात तिथे गेलेली मराठी घरं आजही आहेत. पण पवारांच्या कितीतरी आधी धार ही परमार राजांची राजधानी होती. मुंज आणि भोज हे त्यातले दोन थोर राजे. धनपालानं दोघांचाही दरबार पाहिला. घराणं ब्राह्मणाचं, आजोबा मध्यदेशातल्या सांकाश्याकडचे, वडिलांचं नाव सर्वदेव. धाकटा भाऊ शोभन जैन साधू झाला. त्यानं चोवीस तीर्थंकरांची स्तुती लिहिली, शब्दालंकारांनी इतकी गच्च भरलेली, की तिच्यावर टीका लिहायला भाऊच लागला. ती टीका धनपालाची आहे. जुने प्रबंध सांगतात, की भावानं दीक्षा घेतली म्हणून धनपाल आधी जैनांवर फार रागावला होता, आणि पुढे तोच पक्का श्रावक झाला.

त्याच्या एका पुस्तकाची तारीख आपल्याला नक्की कळते, कारण त्यानं स्वतः लिहून ठेवली आहे. 'पाइयलच्छी नाममाला' नावाचा तो प्राकृत शब्दांचा लहानसा कोश. साल विक्रम संवत १०२९, म्हणजे इसवी सन ९७२च्या आसपास. मालव्याच्या फौजांनी राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट लुटली तेव्हाचं हे काम, असं तो सांगतो. मान्यखेट म्हणजे आजच्या कर्नाटकातलं मळखेड. आणि हा कोश कुणासाठी? धाकट्या बहिणीसाठी. तिचं नाव सुंदरी. फौजा लुटीचं सोनं घेऊन परतत होत्या, त्या दिवसांत धारमध्ये एक भाऊ बहिणीसाठी शब्द गोळा करत बसला होता. १८७९ साली ब्यूलर या जर्मन पंडितानं हा कोश छापला, म्हणून सुंदरीचं नाव आपल्यापर्यंत आलं.

आता भीतीची गोष्ट. ती मेरुतुंग आचार्यांच्या 'प्रबंधचिंतामणी'त आहे. हा ग्रंथ १३०५च्या सुमाराचा, म्हणजे धनपालानंतर जवळजवळ तीनशे वर्षांचा. त्यामुळे हे सगळं असंच्या असं घडलं असं मी म्हणणार नाही. पण आपल्या लोकांनी तीनशे वर्षं सांगत आणलेली गोष्ट आहे, आणि लोक उगाच काही सांगत राहत नाहीत.

भोजराजा शिकारीला निघाला. बरोबर धनपाल. रानात हाकाटी झाली, हरणं उंच उड्या मारत पळू लागली, रानडुकरं मुसंडीनं माती उकरू लागली. राजानं विचारलं, "धनपाला, हरणं आकाशाकडे का उडतायत? डुकरं जमीन का खणतायत?" दरबारी कवीला असं विचारलं, की त्याला कारण नको असतं; एक छानशी कल्पना हवी असते. धनपालानं ती दिली. महाराज, तुमच्या बाणांना भिऊन हरणं चंद्रावरल्या हरणाच्या आसऱ्याला निघाली आहेत, आणि डुकरं पाताळात आदिवराहाकडे. राजा खूश.

इथे जरा थांबू या. वर्गात शिकवतात त्या भाषेत ही उत्प्रेक्षा. हरणाची भीती खरी आहे, त्याचं काळीज धडधडतंय, पाय लटपटतायत. पण कवीच्या कल्पनेत ती भीती राजाच्या पराक्रमाचा दागिना झाली. हरीण जितकं घाबरेल तितका राजा मोठा. ऐकणाऱ्यानं 'वाहवा' म्हटलं ते कल्पनेला, आणि हरीण तिथंच राहिलं, पळत.

मग राजानं एका हरणाला बाण मारला आणि पुन्हा धनपालाकडे पाहिलं. आता याचंही वर्णन कर. या वेळी धनपालाच्या तोंडून निघालं ते वेगळंच होतं. असला पराक्रम जाऊ दे पाताळात, असं तो म्हणाला. ज्याला कुणी वाली नाही, ज्याचा काही अपराध नाही, जो दुबळा आहे, त्याला बलवानानं मारावं, म्हणजे या जगाला राजा उरलेलाच नाही. राजा तापला. हे काय बोलतोस? तेव्हा धनपालानं एक साधी गोष्ट पुढे केली. लढाईत शत्रूनं तोंडात गवताची काडी धरली तर त्यालासुद्धा सोडून देतात. ही जनावरं तर जन्मभर तोंडात गवतच धरून असतात. यांना कसं मारायचं?

'दाती तृण धरणं' हा शब्दप्रयोग आपल्या मराठीतही आहे. शरण जाणं. आपण तो हजारदा वापरला असेल, पण त्यातलं गवत कधी पाहिलं नसेल. धनपालानं ते दाखवलं. चरणारं हरीण आणि शरण आलेला शत्रू यांना त्यानं शेजारी उभं केलं, आणि राजाला आपल्याच क्षत्रियधर्मानं अडवलं. कथा म्हणते, राजानं शिकार सोडली.

एकाच रानात, एकाच तासात, एकाच कवीनं भीतीला दोन अलंकार घातले. पहिला मारणाऱ्याच्या बाजूनं होता, दुसरा मरणाऱ्याच्या. दोन्हींत कल्पकता आहेच. खरं तर पहिलाच जास्त नटलेला. पण पहिल्यानं कुणाचं काही बदललं नाही आणि दुसऱ्यानं एक धनुष्य खाली आलं. मला वाटतं, भीतीचं वर्णन ऐकलं की आपण पहिला प्रश्न हाच विचारावा: हे कुणाच्या बाजूनं बोललं जातंय? नेमिनाथ भगवानांचं चरित्र आठवा. लग्नाच्या वरातीत वाड्यात कोंडलेली जनावरं दिसली, त्यांनी सारथ्याला विचारलं, यांना का कोंडलंय? आणि रथ फिरवला. राजुलच्या दारातून परत गेलेला तो रथ आपण आजही गाण्यांतून आळवतो. तिथेही सगळं फिरलं ते भ्यालेल्याच्या बाजूनं पाहिल्यामुळे.

धनपालाचा मोठा ग्रंथ म्हणजे 'तिलकमंजरी'. संस्कृत गद्यातली लांबलचक प्रेमकथा, आजच्या शब्दांत कादंबरी. भोजराजाला जैन आगमांत सांगितलेल्या कथा ऐकायची उत्सुकता होती, म्हणून ती लिहिली असं धनपाल प्रस्तावनेत सांगतो. त्याच प्रस्तावनेत त्यानं वाचकाच्या भीतीवरही एक मिश्कील कल्पना केली आहे. दंडकारण्यातला पट्टेरी वाघ पाहून माणसं माघारी फिरतात ना, तशी ती लांबच लांब समासांचं आणि वर्णनांनी भरलेलं गद्य पाहूनही फिरतात, असा त्याचा भाव आहे. यात शब्दाचा खेळ आहे. दंडक म्हणजे ते अरण्य, आणि दंडक म्हणजे न तुटणाऱ्या समासांची माळ. वर्ण म्हणजे वाघाच्या अंगावरचे रंग, आणि वर्णनही. माझ्यासारखी बाई, जिला संस्कृत पुस्तक उघडतानाच घाम फुटतो, तिला हे वाचून हसू आलं. हजार वर्षांपूर्वीच्या या लेखकाला माहीत होतं, की वाचणारा घाबरतो. त्यानं त्या भीतीची थट्टा केली, पण वाचणाऱ्याला कमी लेखलं नाही. त्याला हात धरून आत नेलं.

आत खरोखरची भीतीही आहे. अयोध्येचा राजा मेघवाहन मूल व्हावं म्हणून श्रीदेवीची आराधना करतो. एका रात्री त्याच्यापुढे वेताळ येतो. ते वर्णन असं, की उपमेवर उपमा चढत जाते आणि वाचणाऱ्याचा श्वास अडकतो. वेताळ राजाकडे शीर मागतो. राजा म्हणतो, घे, माझंच घे. तो स्वतःच्या मानेवर तलवार चालवतो आणि हात मध्येच अडतो. देवी प्रकट होते. वेताळ म्हणजे तिचाच सेवक, राजाचं मन पाहायला आलेला. राजाला वर मिळतो, आणि पुढे हरिवाहन जन्मतो, जो या कथेचा नायक.

मी हे वाचलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की धनपालानं भीती मोकाट सोडलेली नाही. ती एका दारातून येते आणि दुसऱ्या दारातून जाते. मधे राजाला काहीतरी करायला मिळतं. तो नुसता थरथरत उभा नाही. त्याच्यापाशी एक निवड आहे, आणि निवड केली की वेताळाचा मुखवटा गळतो.

इथे मला मधुबिंदूची कथा आठवली. तुम्हा सगळ्यांना ती पाठ आहे. रानात हत्ती मागे लागलाय, माणूस विहिरीत पडता पडता वडाची पारंबी धरून लोंबकळतोय. खाली अजगर आणि साप, वर पांढरा नि काळा असे दोन उंदीर पारंबी कुरतडतायत, मधमाश्या डसतायत, आणि पोळ्यातून मधाचा एक थेंब तोंडात पडतो. त्या थेंबापायी माणूस सगळं विसरतो. हत्ती म्हणजे मृत्यू, उंदीर म्हणजे शुक्ल नि कृष्ण पक्ष, थेंब म्हणजे विषयसुख. आपल्या जुन्या कथाग्रंथांत, 'वसुदेवहिंडी'त आणि हरिभद्रसूरींच्या 'समराइच्चकहे'त, ही उपमा आहे. महाभारतात विदुर धृतराष्ट्राला अशीच गोष्ट सांगतो. ती देशोदेशी फिरली. रशियात टॉलस्टॉयनं १८८०च्या सुमारास आपलं आत्मनिवेदन लिहिलं, त्यातही हा विहिरीतला माणूस आहे. टॉलस्टॉय म्हणतो, की मला आता अजगर आणि उंदीर दिसले, त्यामुळे मध गोड लागेनासा झाला. त्या पानावर तो माणूस तसाच लोंबकळत राहतो.

पण आपल्या मंदिरांतल्या मधुबिंदूच्या चित्रांत आणखी एक गोष्ट असते. वरच्या कोपऱ्यात विमान असतं आणि त्यातून विद्याधर हात पुढे करतो: ये, धर. माणूस म्हणतो, थांब, एवढा एक थेंब. चित्राचा सगळा अर्थ त्या हातात आहे. हात नसेल तर ते नुसतं घाबरवणं झालं. हात असला, की भीती एका प्रश्नात बदलते: धरणार की नाही?

धर्मशाळेच्या त्या ओट्यावर मला माझी चूक दिसली. पाठशाळेत मी अजगर सांगितला, उंदीर सांगितले, कढया आणि करवती तर हातवाऱ्यांनिशी सांगितल्या. हात सांगायचा राहिला. पच्चक्खाण आहे, प्रतिक्रमण आहे, मिच्छा मि दुक्कडं आहे, चुकलं तर परतायची वाट आहे, हे आपल्या धर्मात पानोपानी लिहिलेलं असताना मी त्या पोरीला विहिरीत लोंबकळत ठेवून घरी गेले. शिवाय मी बोलले ते कुणाच्या बाजूनं? मातीतल्या ज्या जिवांसाठी आपण कंदमूळ सोडतो, त्यांच्याबद्दल मी एक वाक्यही बोलले नव्हते. सगळं बोलले ते कढईच्या बाजूनं. आणि का बोलले, तर वर्ग चिडीचूप बसतो. रविवारी सकाळी तीस पोरं गप्प बसवायला कढईसारखं साधन नाही. धनपालाची पहिली कल्पना राजाच्या उपयोगाची होती. माझी कढई माझ्या उपयोगाची होती.

आता धनपालाच्या स्वतःच्या भीतीचा प्रसंग. हाही मेरुतुंगांनीच सांगितलाय. धनपाल राजाला तिलकमंजरी वाचून दाखवत होता. दिवस थंडीचे, जवळ शेगडी. कथेतला रस सांडून वाया जाऊ नये म्हणून राजानं पोथीखाली सोन्याचं ताट ठेवलं होतं. बघा, 'रस' हा शब्द त्यानं किती खरा मानला! वाचन संपलं आणि राजा म्हणाला, सुंदर. फक्त तीन बदल कर. नायक मला कर. अयोध्येच्या जागी अवंती घाल. शक्रावतार तीर्थाच्या जागी महाकाल घाल. मग माग तेवढं देईन.

धनपाल या राजाच्या अन्नावर जगत होता. 'हो' म्हणणं किती सोपं होतं! तो म्हणाला, काजवा आणि सूर्य, मोहरी आणि मेरू, यांत जेवढं अंतर तेवढं या दोन्हींत आहे. भर दरबारी ऐटीत दिलेलं हे उत्तर. पुन्हा उपमाच, पण आता राजाला भिडणारी. भोजानं पोथी उचलली आणि शेगडीत टाकली.

धनपाल घरी आला. जेवेना, बोलेना. त्याच्या लहान मुलीनं विचारलं, बाबा, काय झालं? त्यानं सांगितलं. ती म्हणाली, मला येते की ती. बाप रोज लिहायचा, वाचायचा, आणि ती ऐकत असे. तिनं आठवून आठवून सांगितलं. मेरुतुंग म्हणतात, पूर्वार्ध तिच्या आठवणीतून लिहिला गेला आणि उत्तरार्ध धनपालानं नव्यानं रचला. प्रभाचंद्रांच्या 'प्रभावकचरिता'त, जे १२७७-७८चं आहे, गोष्टीचे तपशील थोडे वेगळे आहेत. तिथे धनपाल धार सोडून सत्यपुराला, म्हणजे आजच्या राजस्थानातल्या सांचोरला जातो. लोकांच्या तोंडी मुलीचंच नाव तिलकमंजरी, आणि तिच्या नावानं ग्रंथाचं नाव पडलं.

इतिहास म्हणून हे तपासायला हवं. आज आपल्या हातात असलेल्या तिलकमंजरीच्या सुरुवातीला परमार राजांची आणि भोजाची भरपूर स्तुती आहे. राजानं पोथी जाळली असती तर ती स्तुती ठेवली असती का? आणि तिलकमंजरी हे कथेच्या नायिकेचं, विद्याधर राजकन्येचं नाव आहे. ग्रंथाला तेच असणं स्वाभाविक आहे. तेव्हा शेगडीची गोष्ट मागाहून जुळली असावी असंच मला वाटतं. धनपालानं सांचोरच्या महावीर भगवानांवर अपभ्रंश भाषेत काव्य लिहिलंय, एवढं मात्र खरं.

पण गोष्ट जुळवताना आपल्या आचार्यांनी ग्रंथ वाचवायला कुणाला निवडलं? पोथी लपवून ठेवणारा शिष्य चालला असता. एखादी देवी प्रकट करता आली असती. त्यांनी घरातली मुलगी निवडली, जिला कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं, जी ऐकत होती. मला यात काही नवल वाटत नाही. माझ्या आजीला अक्षर ओळखता येत नव्हतं आणि दोन्ही प्रतिक्रमणं तिला मुखोद्गत होती. आपल्या घराघरांतून धर्म असाच आलाय, भिंतीआडून ऐकणाऱ्या बायकांच्या कानांतून. आणि याचाच दुसरा अर्थ मला तिथे टोचला: मुलं सगळं ऐकतात. तिलकमंजरी ऐकली तर तिलकमंजरी जपून ठेवतात. कढई ऐकली तर कढई.

दुसऱ्या दिवशी सकाळी समाधीपाशी बसले होते. राजेंद्रसूरीजींनी आयुष्याच्या उतारावर एक अचाट काम हाती घेतलं. 'अभिधान राजेंद्र', प्राकृत शब्दांचा महाकोश, सात खंडांचा. राजस्थानात सियाण्याला १८९०च्या सुमारास सुरुवात, आणि चातुर्मास, विहार, सगळं सांभाळून १९०३च्या सुमारास सुरतेला समाप्ती. छापून निघालेला कोश पाहायला ते राहिले नाहीत. रतलामला तो छापला गेला तो त्यांच्यामागे. योगायोग असा, की १९०३ सालीच मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानं काव्यमालेत तिलकमंजरी छापली. धनपालानं बहिणीसाठी प्राकृत कोश केला त्याला नऊशेहून अधिक वर्षं लोटल्यावर, त्याच मुलुखात प्राकृताचा सगळ्यात मोठा कोश करणारे महाराज विसावले.

शब्दांचा अर्थ नीट लावायचा, तर आपल्या आगमांनी 'भय' या शब्दाचाही लावलाय. स्थानांगसूत्रात भयाची सात स्थानं सांगितली आहेत. इहलोकभय, म्हणजे आपल्याच जातीच्या प्राण्याचं, माणसाला माणसाचं भय. परलोकभय, म्हणजे दुसऱ्या जातीच्या प्राण्याचं, जसं माणसाला वाघाचं. आदानभय, आपलं कुणी हिरावून नेईल याचं. अकस्मात भय, काही कारण नसताना दचकणं. वेदनेचं भय. मरणाचं भय. आणि सातवं अश्लोकभय, म्हणजे बदनामीचं, नाव जाईल याचं. आपल्या बायकांच्या भाषेत सांगायचं तर 'लोक काय म्हणतील'. हे सातवं भय आपल्याला किती जुनं ओळखीचं! कोणत्या भयानं आपण काय करतो हे ओळखता यावं, म्हणून ही यादी. रानातलं हरीण परलोकभयानं पळत होतं. धनपालापुढे आदानभय आणि अश्लोकभय दोन्ही उभी होती, आणि तरी तो काजवा म्हणाला. माझी पोर अकस्मात भयानं रात्री उठत होती, आणि ते मी तिला दिलं होतं. ज्या भगवंतांना आपण रोज शक्रस्तवात अभय देणारे म्हणून वंदन करतो, त्यांच्याच नावानं.

परत आल्यावर मी आधी त्या आईकडे गेले. तिच्या मुलीपुढे बसून म्हटलं, "बाळा, मी अर्धीच गोष्ट सांगितली होती. चुकलं माझं." मग रविवारी वर्गात कढई काढली नाही. भोजराजाची शिकार सांगितली. हरणं चंद्राकडे उडाली तिथे मुलं हसली. गवताची काडी आली तिथे वर्ग गप्प झाला, मी काही न करता. मग मी मातीतल्या जिवांविषयी बोलले. बटाटा उपटला की त्याच्याबरोबर किती अगणित जीव उपटले जातात, त्यांना तोंडात गवतसुद्धा धरता येत नाही, एवढंच.

ती आठ वर्षांची मुलगी पुढेच बसली होती. तिनं हात वर केला.

"काकू, राजानं हरणाला सॉरी म्हटलं का?"

मी म्हटलं, "ते कुठे लिहिलेलं नाही गं. पण त्यानं धनुष्य खाली ठेवलं."

तिनं जरा विचार केला. "मग चालेल," म्हणाली.